पाच नावं आणि एक वर्ष

मंडळी, पक्षिनिरीक्षक वर्षअखेरीस भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "किती झाले?" म्हणजे वर्षभरात किती जातींचे पक्षी पाहिले. आपल्या नाशिक जिल्ह्यात हा आकडा फुगवणं सोपं आहे. थंडीत नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर सकाळभर बसा. थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, सगळे हजेरी लावून जातात. मला त्याचा कंटाळा आला. म्हणून एका जानेवारीत पाचच नावं ठरवली: क्रौंच, भोवत्या, लांब चोचीचं गिधाड, चातक आणि धाविक. वर्षभर शोधायचे ते हेच. बाकीचे भेटले तर नमस्कार.

पहिला क्रौंच. गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, त्यामागे गाळ साचत गेला आणि नांदूरमध्यमेश्वरची उथळ पाणथळ तयार झाली. 2019 मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. आपण तिथं जाऊन भर दुपारी क्रौंच पाण्यात शोधत बसतो. तो रात्री उथळ पाण्यात उभा राहून झोपतो आणि उजाडलं की हरभऱ्याच्या रानात चरायला जातो. तेव्हा आधी चौकशी करायची ती हरभऱ्याची. मला थवा दाखवला तो एका शेतकरीदादांनी, तेही वैतागून: "हे घ्या तुमचे पाहुणे, माझा हरभरा संपवून जा म्हणावं!" त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसरी चौकशी धरणांची. वरून गंगापूर, दारणेतून जायकवाडीसाठी पाणी सोडलं की उथळ जागा बुडतात आणि पक्षी हलतात. पाण्याच्या आवर्तनाची बातमी मी तेव्हापासून पहिल्या पानासारखी वाचतो.

भोवत्यासाठी येवल्याजवळचं ममदापूर. लोक काळवीट बघतात आणि ऊन उतरायच्या आत घरी निघतात. तुम्ही थांबा. कझाकस्तानच्या बाजूनं आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर नाकतोडे टिपतात आणि तिन्हीसांजेला एकेक करून गवतात उतरतात, थेट जमिनीवर. त्यांना मुक्कामाला झाड नको, गवत हवं. म्हणून पावसाळ्यात ट्रकभर रोपं घेऊन माळाकडे निघणाऱ्या उत्साही मंडळींना माझं सांगणं आहे, तो माळ रिकामा नाही. तुमची झाडं आपल्या कॉलनीत लावा, तिथं खरंच गरज आहे.

गिधाडाबद्दल थोडक्यात. अंजनेरीच्या कड्यावर आधी पक्षी शोधू नका, पांढरे ओघळ शोधा. ती त्याची विष्ठा, बसायच्या जागा रोजच्याच. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यामुळे भरपाई फार सावकाश होते.

चातक जूनमध्ये मिळाला. "पेरते व्हा" ओरडतो तो पावशा. चातक निराळा, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. त्याच्यामागे धावू नका, सातभाई पक्ष्यांच्या टोळीमागे जा. तो अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो, आणि अंडंही त्यांच्यासारखंच निळं. सातभाई एकाएकी कलकलाट करून कुणाला हुसकावू लागले की दुर्बीण उचलायची.

धाविक, जमिनीवर धावणारा माळावरचा पक्षी, मात्र मिळाला नाही. त्याला उघडा, खडकाळ, मेंढरांनी चरून आखूड केलेला माळ लागतो, आणि माझ्या ओळखीचे बरेच माळ आता द्राक्षबागा झालेत. एका मित्रानं त्याचा फोटो पाठवला होता. जागा मी मुद्दाम विचारली नाही. अंडी उघड्या जमिनीवर असतात. एकाला ठिकाण कळलं की पाठोपाठ चार गाड्या माळावर चढतात.

यंदा सिन्नरच्या बाजूला शोधणार आहे. कुणाच्या ओळखीत त्या भागात मेंढरं चारणारे धनगर असतील, तर व्याख्यान संपल्यावर कृपया मला भेटा.