पांढरं पान बसून खातं: एन-जॉय मनीप्लांटची निगा

मंडळी, मनीप्लांटवर व्याख्यान कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते चूक नाही. साधं हिरवं-पिवळं मनीप्लांट जिन्याखालच्या बाटलीतही वर्षानुवर्षं तग धरतं. आज बोलायचंय ते त्याच्या नाजूक भावंडाबद्दल. जात तीच, एपिप्रेम्नम ऑरियम. मूळ गाव पॅसिफिकमधलं मोओरिया बेट. त्यातल्या ‘मार्बल क्वीन’ या पांढऱ्या शिंतोड्यांच्या वाणातून ‘एन-जॉय’ निघाला. पानं दोन-अडीच इंचांची, दोन पेरांमधलं अंतर कमी आणि पांढरे पट्टे रंगाऱ्यानं कड धरून मारावेत तसे स्वच्छ. पांढऱ्या भागात हिरवे ठिपके दिसले, तर ते रोप बहुधा ‘पर्ल्स अँड जेड’चं. तो वाण फ्लोरिडा विद्यापीठानं मार्बल क्वीनवर किरणोत्सर्गाचा प्रयोग करून काढला. नर्सरीत दोन्ही एकाच नावानं विकले जातात. त्यावरून वाद घालू नका, निगा सारखीच आहे.

या रोपाचं सगळं गणित एका गोष्टीवर चालतं. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न बनवत नाही, बसून खातो. अर्धं पान पांढरं असेल तर घरातला अर्धाच माणूस कमावतोय असं समजा. म्हणून याला साध्या मनीप्लांटपेक्षा उजेड जास्त लागतो. वाढ हळू, म्हणून पाणी कमी लागतं. मुळं थोडी, म्हणून कुंडी लहान लागते. लोक नेमकं उलटं करतात. शोभेचं म्हणून टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवतात आणि वाढत नाही म्हणून पाणी वाढवतात.

उजेड मोजायची सोपी रीत सांगतो. रोप ठेवायच्या जागी दुपारी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी मोजता येतील इतकी सावली पडली तर जागा उत्तम. नुसता धूसर डाग पडला तर रोप जगेल, पण पेरं लांबतील आणि पानं बारीक होतील. पूर्वेच्या खिडकीत अगदी ग्रिललगत ठेवलं तरी चालतं, सकाळचं कोवळं ऊन त्याला मानवतं. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये दोन-तीन फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा. नाहीतर आधी पांढरा भागच करपतो, आणि करपलेला डाग पुन्हा भरून येत नाही.

आता कुंडी. नर्सरीतून आणलेलं गच्च भरलेलं रोप म्हणजे एक वेल नसतो, एका कुंडीत पाच-सहा कलमं खोचलेली असतात. त्याचा घाट तिथून येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मुळांभोवती लाल मातीचा गोळा असतो. घरात तो आतून ओला राहतो आणि वरून विटेसारखा टणक होतो. दहा-बारा दिवस रोप घरात रुळू द्या, मग तो गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून हलक्या हातानं माती सोडवा. मिश्रण असं करा: दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि अर्धा भाग गांडूळखत. कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं, म्हणून तीन वेळा धुऊन पिळून घ्या. क्षार साचले की पांढऱ्या कडा तपकिरी होतात आणि आपण खापर उन्हावर फोडतो. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांनी महिन्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट साधं पाणी वरून ओतून निथळू द्यावं. चार इंची कुंडीतून काढलेलं रोप पाच इंचीत लावा, आठ इंचीत नको. जास्तीच्या ओल्या मातीत मुळं नसतात, तिथूनच मूळकूज सुरू होते.

पाणी वारावर घालू नका. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतलं ओतून टाका. पुण्यात मेमध्ये हे चौथ्या दिवशी येईल, मुंबईत जुलैत कदाचित दहाव्या दिवशी. पान मऊ पडून लोंबलं आणि माती कोरडी असेल तर ती तहान आहे. पान लोंबलंय, पिवळं पडतंय आणि माती ओली आहे, तर मुळं कुजली आहेत. तिथे पाणी म्हणजे विष. खत फेब्रुवारी ते ऑक्टोबर, पंधरा दिवसांतून एकदा, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्यामागे अर्धा ग्रॅम. त्याहून जास्त दिल्यानं काही साधत नाही.

चढवायचं असेल तर दीड-दोन फुटांचा दांडा पुरे. बाजारात ‘मॉस स्टिक’ म्हणून मिळतात ते बहुतेक काथ्या गुंडाळलेले पाइप असतात. ते पाणी धरत नाहीत, मुळं त्यात शिरत नाहीत, मग सुतळीनं बांधलेला वेल नुसता टेकून उभा राहतो. प्लास्टिक जाळीची नळी करून त्यात भिजवलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ, भरा आणि पाणी वरून द्या. हवाई मुळाचा तपकिरी कोंब मॉसला चिकटेल अशा बेतानं वेल बांधा. पानाची बाजू उजेडाकडे, मुळाची दांड्याकडे.

कलमाकडे मात्र जरा जवळून बघा. पानाचा देठ खोडाला जिथे मिळतो, त्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढा डोळा असतो. नवी फांदी तिथून फुटते. पान कितीही देखणं असो, त्या डोळ्याखालून खोडावर कोणत्या रंगाची रेघ जाते ते पाहा. हिरवी आणि पांढरी दोन्ही असतील तर फुटवा बहुधा मिश्र येतो. निव्वळ पांढऱ्या रेघेवरचा डोळा पांढरं पोर देईल, आणि ते आईपासून तोडलं की उपाशी मरेल. निव्वळ हिरव्या रेघेवरचा हिरवं. वेल हिरवा किंवा सगळा पांढरा होत चालला तर हाच हिशेब: मागे येत शेवटच्या मिश्र रेघेच्या डोळ्यापर्यंत या आणि त्याच्या अर्धा इंच पुढे छाटा. हिरवी फांदी ठेवलीत तर ती जोमानं वाढून बाकीच्यांना मागे टाकते.

कलमाला एक डोळा आणि एक पान पुरतं. डोळ्याशिवायचं पान पाण्यात मूळ धरलं तरी वेल देत नाही. (चोरून आणलेलंच मनीप्लांट लागतं म्हणतात. घाईत तोडताना डोळ्यासकट तुकडा हाती येतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.) पाण्यात ठेवलंत तर मुळं दीड-दोन इंच झाली की लगेच मिश्रणात लावा, फार लांबलेली पाण्यातली मुळं मातीत रुळत नाहीत. जून ते सप्टेंबर हा हंगाम सर्वांत बरा. सहा कलमं एकाच कुंडीत कडेकडेनं लावा, म्हणजे नर्सरीसारखा भरगच्चपणा येईल.

किडींत पिठ्या ढेकूण मुख्य. तो देठाच्या बेचक्यात, म्हणजे डोळ्यावरच बसतो. कापसाच्या बोळ्यानं पुसा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा; आठवड्याच्या अंतरानं तीनदा. आधी एका पानावर करून बघा, पांढरा भाग तेलानंही डागाळतो. कीड दिसताच कुंडी बाजूला काढून ठेवा, पिठ्या शेजारच्या रोपावर जातो.

मांजर किंवा रांगतं मूल घरात असेल तर कुंडी उंचावर टांगा. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते. कलमं केल्यावर डोळे चोळू नका, आधी हात साबणानं धुवा.