जालना बिघडतं, संभाजीनगर अडतं: पायथन ३.१५ आणि आपली देवनागरी

[दृश्य: नोटपॅडची खिडकी, एकाखाली एक आठ नावं]

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. मराठवाड्याचे आठ जिल्हे. फाइल सेव्ह केली. आजचं नोटपॅड ती यूटीएफ-८ मध्येच ठेवतं, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवता येणाऱ्या पद्धतीत. आता विंडोजवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ३.१४ आवृत्ती उघडू आणि फाइल उघडणाऱ्या 'ओपन' या आज्ञेला फक्त फाइलचं नाव देऊन ती वाचू.

प्रोग्राम पहिल्याच नावावर थांबतो. युनिकोड-डीकोड-एरर, म्हणजे अक्षर उलगडता आलं नाही. अडलेला बाइट ८डी, सोळाच्या पायातला आकडा.

संभाजीनगरची ओळ काढा, पुन्हा चालवा. एरर गेली! पण पडद्यावर जालना नाही, बीडही नाही. तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ए, शेजारी चलनाचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. सातही नावं बिघडली आणि पायथननं चकार शब्द काढला नाही.

[दृश्य: 'म' अक्षर, त्याखाली तीन चौकटी]

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अक्षर तीन, काना तीन, अनुस्वारही तीन. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत, सांगितलं नाही, तर ३.१४ पर्यंतचं पायथन विंडोजला विचारतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर उत्तर येतं कोडपेज १२५२. कोडपेज म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा तक्ता. हा तक्ता पश्चिम युरोपातल्या लिपीचा, एका बाइटला एक अक्षर. म्हणून आपल्या एका चिन्हाची तिथं तीन होतात.

मग संभाजीनगरच का अडलं? कोडपेज १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी, आणि 'छत्रपती'त 'त्र' आहे. ह्रस्व उकाराचा शेवट ८१, 'ए'चा ८एफ, 'झ'चा ९डी. त्यामुळे तुळजापूर अडतं; उदगीर आणि अंबाजोगाई बिनबोभाट बिघडतात. आमच्या मते अडणं बरं. बिघडलेली नावं थेट डेटाबेसात जातात आणि कळतं तेव्हा यादी छापून झालेली असते.

[दृश्य: कमांड प्रॉम्प्ट]

ऑक्टोबर २०२६ साठी आखलेल्या पायथन ३.१५ मध्ये हे मुळातून बदलतं. इनादा नाओकी यांचा प्रस्ताव, पेप ६८६: काहीच सांगितलं नाही, तर यूटीएफ-८ धरायचं, विंडोज काहीही म्हणो. प्रोग्रामचं आउटपुट फाइलकडे वळवतानाही तेच. ही सोय ३.७ पासून पायथनमध्ये होतीच, फक्त बंद ठेवलेली होती.

म्हणून आजच चालू करून पाहता येते. पायथन लिहून डॅश, कॅपिटल एक्स, मग यूटीएफ८ द्या. कायमची हवी असेल तर 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोज प्रोग्रामांना देतं ती सेटिंग, १ करा. 'सेटएक्स' या विंडोजच्या आज्ञेनं केलंत, तर कमांडची खिडकी बंद करून नवी उघडा. चालू खिडकीला तो बदल कळत नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग मात्र प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग लिहिण्याचा. कुठं राहिलं ते शोधायला ३.१० पासून 'वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग' हा पर्याय आहे. तो ओळ क्रमांकासकट इशारा देतो.

लिहिताना जास्त जपा. 'डब्ल्यू', म्हणजे लिहायच्या मोडमध्ये फाइल उघडताक्षणी रिकामी होते. मग १२५२ मध्ये मराठी लिहिता येत नाही म्हणून एरर येते, आणि तोवर जुनी यादी गेलेली असते. तात्पुरत्या नावानं लिहा, काम पुरं झालं की नाव बदला.

३.१५ आल्यावर उलटी अडचणही येईल. १२५२ मध्ये ठेवलेल्या जुन्या इंग्रजी फाइलींत अंशाचं चिन्ह किंवा लांब रेघ असेल, तर यूटीएफ-८ ती नाकारेल. तिथं 'सीपी१२५२' स्पष्ट लिहावं लागेल.

[दृश्य: एक्सेलची 'सेव्ह ॲज' यादी]

आणि एक्सेल. साधी 'सीएसव्ही', म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल, निवडली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ती परत मिळत नाहीत. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. पण एक्सेल तिच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइटची खूण घालतं. मग पहिला रकाना 'गाव' असूनही पायथनला 'गाव' सापडत नाही. ३.१५ सुद्धा ही खूण स्वतःहून काढणार नाही. वाचताना एन्कोडिंग म्हणून 'यूटीएफ-८-सिग' द्या. एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडायची फाइल लिहितानाही तेच द्या.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टातल्या याद्यांना यातलं काही लागू नाही. त्या फाइलीत मराठी नसतेच. रोमन अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरी आकार चढवतो. फॉन्ट कोणता ते ओळखून, त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरनं मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.