मर्टल्सची भुतं आणि कागदांतली माणसं

मंडळी, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपीच्या काठी सेंट फ्रान्सिसव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथला ‘मर्टल्स’ हा मळेवाल्यांचा वाडा झपाटलेला म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. लोक मुद्दाम रात्री मुक्कामाला जातात. तो १७९६ साली डेव्हिड ब्रॅडफर्डने बांधला. पेनसिल्व्हेनियातल्या व्हिस्कीवरच्या कराविरुद्धच्या बंडाचा हा पुढारी, अटक चुकवून पळाला आणि तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या या मुलखात आला. वाड्याचं नाव आवारातल्या क्रेप मर्टलवरून पडलं. आपल्या ताम्हणाच्या कुळातलंच झाड ते.

तिथली मुख्य कथा क्लोईची. ब्रॅडफर्डचा जावई क्लार्क वुड्रफ. त्याची गुलाम क्लोई दाराआड चोरून ऐकताना सापडली, म्हणून त्याने तिचा कान कापला. तेव्हापासून ती हिरवा फेटा बांधायची. पुढे मुलीच्या वाढदिवसाच्या केकमध्ये तिने कण्हेरीचा पाला उकळून घातला. मालकीण आणि दोन मुलं गेली. मग इतर गुलामांनीच तिला फासावर चढवून नदीत टाकलं. कण्हेर विषारी, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, त्यामुळे कथा चटकन पटते.

पण तारखा पाहा. मालकीण सेरा १८२३ मध्ये वारली. मुलगा आणि मुलगी १८२४ मध्ये, तीही वेगवेगळ्या महिन्यांत. एका केकने वर्षाच्या अंतराने माणसं मरत नाहीत. त्यांना पीतज्वराने नेलं. त्या काळी डासांच्या दिवसांत ही साथ तिथे वारंवार यायची. आणि वुड्रफांच्या कागदपत्रांत संशोधकांना क्लोई नावाची बाई सापडलेलीच नाही.

वाड्यात दहा खून झाले असं सांगतात. नोंद एकाचीच आहे: वकील विल्यम विंटर, १८७१, व्हरांड्यात गोळी घातली. कथेत तो रक्तबंबाळ अवस्थेत जिना चढतो आणि सतराव्या पायरीवर प्राण सोडतो. प्रत्यक्षात तो व्हरांड्यातच गेला.

मला या कथेचा राग येतो, आणि तो का येतो हे सांगायलाच मी आज उभा आहे. या मळ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबली. त्यांच्यातली एकच बाई कथेत आली, तीही कल्पनेतली, आणि तिच्या माथी मुलांचा खून मारला. जी माणसं खरोखर होती, ती कागदावर आहेत. मळेवाला मेला की मालमत्तेची यादी व्हायची: बैल, खेचरं, नांगर, आणि त्याच यादीत माणसं. नाव, वय, कसब, आणि शेवटी डॉलरमध्ये किंमत.

ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी लुइझियानाच्या कचेऱ्यांतले असले दस्त वर्षानुवर्षं वाचून १ लाखाहून अधिक गुलामांच्या नोंदी जमवल्या. न्यू ऑर्लीन्सजवळच्या व्हिटनी मळ्यावर २०१४ मध्ये गुलामांच्या आयुष्यावरचं संग्रहालय उघडलं. तिथे ती नावं दगडी भिंतींवर कोरली आहेत. लुइझियानाला गेलात तर एक दिवस व्हिटनीसाठी राखून ठेवा.