मुरमाच्या ट्यूबला जोडीदार हवा

(दृश्य: तर्जनीचं टोक, अगदी जवळून. ट्यूबमधून पारदर्शक जेलची रेघ पेरावर उतरते.)

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत जेलची एक रेघ ओढली, की साधारण अर्धा ग्रॅम भरतं. सबंध चेहऱ्याला एका वेळी एवढं पुरतं. दिवसातून दोनदा लावायचं म्हटलं तर रोजचा एक ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब पंधरवड्यात संपायला हवी. पण आरशामागच्या कप्प्यात हीच ट्यूब सहा-सहा महिने पडलेली सापडते. अर्धी पिळलेली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. पुळी दिसली की टिकलीएवढं जेल तिच्यावर टेकवायचं, पुळी बसली की ट्यूब परत कप्प्यात. हिशेब जुळत नाही तो इथेच, आणि उपचार फसतो तोही इथेच.

ट्यूबवर नाव असतं क्लिंडामायसिन फॉस्फेट जेल. एका कंपनीच्या ट्यूबवर १ टक्का लिहिलेलं, दुसरीच्या ट्यूबवर १.२ टक्के. दुसरी जास्त कडक, असं समजून लोक ती मागून घेतात. खरं तर दोन्ही एकच. फॉस्फेटसकट वजन धरलं तर १.२ भरतं, नुसतं क्लिंडामायसिन धरलं तर १. फॉस्फेट जोडलेलं असेपर्यंत हे औषध निष्क्रिय असतं. त्वचेवरची विकरं तो जोड तोडतात, आणि मग ते कामाला लागतं.

या औषधाचं मूळ मातीत आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराच्या मातीच्या नमुन्यात एक सूक्ष्मजीव सापडला. गावावरून त्याचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस लिंकनेन्सिस, आणि त्याच्यापासून मिळालेलं अँटिबायोटिक ते लिंकोमायसिन. १९६०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत एका जागी क्लोरीन बसवलं आणि क्लिंडामायसिन तयार झालं.

(दृश्य: त्वचेचा उभा छेद, रेखाचित्र. केसाचं मूळ, त्याला लगडलेली तेलग्रंथी, वर अरुंद तोंड.)

मुरूम सुरू होतो तो जिवाणूपासून नाही. आधी ग्रंथीतून तेल जास्त सुटतं. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी गळून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. हे बूच डोळ्याला दिसत नाही. त्यातून वर दिसणारी पुळी तयार व्हायला आठवडेच्या आठवडे जातात. आज आलेली पुळी म्हणजे साधारण दोन महिन्यांपूर्वीच्या बुचाचं फळ. बुचाखाली हवा पोहोचत नाही. तिथे तेलावर जगणारा एक जिवाणू मजेत वाढतो. त्याचं आधीचं नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस म्हणतात. तो तेल फोडतो, त्यातून दाहक पदार्थ सुटतात, शरीराची संरक्षक फौज धावून येते, आणि मग लालसर पुळी, पिवळ्या टोकाची पुटकुळी, ठणका.

या साखळीत क्लिंडामायसिनचं काम शेवटच्या दोन कड्यांपुरतं. जिवाणूच्या पेशीत प्रथिनं जुळवणारं जे यंत्र असतं, रायबोसोम, त्याच्या मोठ्या भागाला ते जाऊन चिकटतं आणि जुळणी थांबवतं. थोडी सूजही उतरवतं. बुचाचं मात्र काहीच करत नाही. म्हणून ज्याच्या कपाळावर नुसते ब्लॅकहेड आणि बारीक पांढरे दाणे आहेत, त्याने ही ट्यूब कितीही घासली तरी दाणे तसेच राहणार. तिथे हवं ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, म्हणजे रेटिनॉइड जातीचं औषध. बूच सैल करायचं काम त्याचं.

आता त्या कप्प्यातल्या ट्यूबकडे परत.

एका गालावरच्या छिद्रांत हे जिवाणू अगणित असतात. त्यांतल्या एखाद्याच्या रायबोसोममध्ये नेमक्या त्या जागी जनुकीय संकेताचं एक अक्षर बदललेलं असतं. औषध तिथे चिकटू शकत नाही. एरवी या जिवाणूला विशेष फायदा नसतो. पण नुसतं क्लिंडामायसिन लावलं, की शेजारी हटतात आणि हा एकटा पसरतो. मधे पंधरा दिवस सोडून परत लावलं, की अजून पसरतो. शिवाय क्लिंडामायसिन आणि मुरमांवरचंच दुसरं अँटिबायोटिक एरिथ्रोमायसिन रायबोसोमवर जवळपास एकाच जागी बसतात, त्यामुळे एकाला न जुमानणारा जिवाणू बहुतेकदा दुसऱ्यालाही जुमानत नाही. ‘ही लागू पडत नाही, ती दुसरी द्या’ म्हणून एरिथ्रोमायसिन घेऊन काही साधत नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मुरमाच्या रुग्णांच्या त्वचेवरचे जिवाणू दहा वर्षं सातत्याने तपासले गेले. अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू बाळगणारे रुग्ण १९९१मध्ये ३४.५ टक्के होते. १९९७मध्ये ते ६४ टक्क्यांवर गेले. २०००मध्ये ५५.५ टक्के. असे जिवाणू रुग्णाच्या घरच्यांच्या त्वचेवरही सापडले आहेत. आणि चेहऱ्यावर राहणारा तो एकच जिवाणू नाही. नाकपुडीत, त्वचेवर स्टॅफिलोकोकस असतात. जेलचा धडा तेही शिकतात. पुढे कधी जखम चिघळली, तर तिथे हे शिकलेले जिवाणू भेटतात.

(दृश्य: दोन ट्यूब शेजारी शेजारी. दुसरीवर ‘बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के’.)

म्हणून जोडीदार. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे अँटिबायोटिक नाही. ते छिद्रात शिरून फुटतं आणि ऑक्सिजनचे आक्रमक कण सोडतं. ज्या जिवाणूला हवा फारशी मानवत नाही, त्याच्यावर हा थेट निखारा. हा मार एका जागेवर बसत नाही. प्रथिनं, पेशीचं आवरण, जे समोर येईल ते जळतं. एखादं अक्षर बदलून यातून सुटता येत नाही, म्हणून इतकी दशकं वापरात असूनही याला सरावलेला मुरमाचा जिवाणू आढळलेला नाही. क्लिंडामायसिनला चकवणारा जो एखादा जिवाणू उरतो, तो इथे मरतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१च्या मार्गदर्शनात आणि अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे: त्वचेवर लावायचं अँटिबायोटिक मुरमांसाठी एकटं वापरू नये.

आपल्याकडे खपणाऱ्या ट्यूबांत एक गोची आहे. क्लिंडामायसिन आणि निकोटिनामाइड अशी जोडी असलेलं जेल सर्रास मिळतं. दोन नावं पाहून वाटतं, जोडीदार आहे की! निकोटिनामाइड लाली शमवतं, ते वाईट नाही. पण जिवाणू मारणं त्याचं काम नाही. जिवाणू औषधाला सरावण्याच्या हिशेबात ही ट्यूब एकटीच धरायची. क्लिंडामायसिन-ॲडापलीनची जोडी बूच सोडवते, म्हणून ती अधिक उपयोगी. पण तिलाही बेन्झॉइल पेरॉक्साइड सोबत हवंच.

लावायचं कसं, ते सावकाश पाहू.

(दृश्य: सकाळ. बेसिन. ओला चेहरा टॉवेलने टिपला जातो, घासला जात नाही.)

सकाळी सौम्य फेसवॉश, कोमट किंवा साधं पाणी, बोटांनी. स्क्रब नको, खडबडीत कापड नको. चेहरा टिपून पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या त्वचेवर बेन्झॉइल पेरॉक्साइड जास्त चुरचुरतं. मग २.५ टक्क्यांचं जेल, वाटाण्याएवढं, पाच ठिपके: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. तिथून पातळ पसरायचं. जिथे पुळी आहे तिथेच नाही, जिथे पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर, कारण दोन महिन्यांनंतरची पुळी आज न दिसणाऱ्या बुचात बसलेली आहे. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुडीचे कोपरे, ओठांच्या कडा सोडून द्यायच्या. तिथे आधीच व्हॅसलिनचं बोट फिरवलं तर उत्तम. वरून तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडायचं असेल तर एसपीएफ ३०चं सनस्क्रीन.

दहा टक्क्यांची ट्यूब मागू नका. २.५, ५ आणि १० टक्के यांची तुलना झालेली आहे: पुळ्या जवळपास सारख्याच कमी होतात, वाढते ती आग.

रात्री परत चेहरा धुऊन, कोरडा करून क्लिंडामायसिन-ॲडापलीनचं जेल, तेही वाटाण्याएवढंच, तसंच सगळीकडे. सुरुवातीचे दोन आठवडे दोन्ही औषधं एक दिवसाआड. त्वचा सोलली, ताणल्यासारखी झाली तर एक-दोन दिवस थांबून परत. ॲडापलीनऐवजी ट्रेटिनॉइन दिलं असेल तर ते रात्रीच ठेवायचं आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड सकाळीच. एकावर एक लावलं तर ट्रेटिनॉइन मोडतं. ॲडापलीन टिकतं. डॅप्सोनचं जेल असेल तर वेगळाच घोळ: बेन्झॉइल पेरॉक्साइड त्याच्यावर पडलं की त्वचेला तात्पुरता पिवळट-केशरी रंग चढतो.

आणि घरातल्यांची बोलणी वाचवायची असतील तर उशीला पांढरा अभ्रा घाला. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंग खातं. टॉवेल, ओढणी, शर्टाची कॉलर, काहीही सुटत नाही, आणि गेलेला रंग धुऊन परत येत नाही. ट्यूब उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. उष्णतेने हे रसायन फुटतं आणि त्यातून बेंझीन तयार होऊ शकतं. क्लिंडामायसिन-बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेल्या ट्यूबला थंडाव्याच्या अटी असतात, त्या खोक्यावर वाचायच्या.

पाठीवर मुरूम असतील तर जेल पुरत नाही आणि हातही पोहोचत नाही. तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश बरा. लावून दोन ते पाच मिनिटं थांबायचं आणि स्वच्छ धुवायचं.

(दृश्य: खिडकीपाशी, त्याच उजेडात काढलेले एकाच गालाचे चार फोटो.)

पहिल्या आठवड्यात कोरडेपणा येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींना पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, आणि बरेच लोक इथेच सोडतात. फरक नीट दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आरशावर विश्वास ठेवू नका, रोज पाहिलं की काहीच बदललेलं दिसत नाही. एकाच खिडकीत, एकाच वेळी, पहिल्या दिवशी, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात फोटो काढा आणि एका गालावरच्या लाल पुळ्या मोजा. डाग मोजू नका. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत पुळी बसल्यावर मागे तपकिरी ठिपका राहतो, तो महिनोन्‌महिने टिकतो. तो मुरूम नाही, तिथे अँटिबायोटिकला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्याला ऊन वाचवणं आणि वेळ देणं हाच इलाज. नखाने फोडलेल्या पुळीचा डाग अर्थातच जास्त गडद.

सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही, तर आधी एक शंका घ्यायची: हे मुरूमच आहेत का? कपाळावर आणि छातीवर एकाच मापाचे, खाजणारे, घामाच्या दिवसांत उफाळणारे बारीक दाणे असतील आणि ब्लॅकहेड एकही नसेल, तर ते बहुधा मलासेझिया नावाच्या यीस्टचे असतात. अँटिबायोटिकने ते वाढतात. पुळ्या जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर दाटल्या असतील, सोबत पाळी अनियमित असेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी हवी. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर ओघळत असेल, तर औषधाआधी ते थांबवा.

आणि ट्यूबचं पाठचं लेबल वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर ती मुरमाची ट्यूब नाही. हे स्टेरॉइड. मेडिकलमधून, पार्लरमधून, शेजारणीकडून अशी क्रीम चेहऱ्याला लागतात. चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ, लाल, उन्हात भाजणारी होते आणि सोडलं की मुरूम दुपटीने उसळतात.

क्लिंडामायसिन लावताना पातळ जुलाब, रक्त पडणं सुरू झालं तर लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा. त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, त्यामुळे हे विरळा. पण ज्यांना आधी आतड्याचा दाह झालेला आहे त्यांनी हे औषध टाळायचं. गरोदरपणात ॲडापलीन, ट्रेटिनॉइन नको. खोल, दुखणाऱ्या गाठी आणि खड्डे पडायला लागले असतील तर ट्यूबवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. खड्डा एकदा पडला की आपोआप भरत नाही. तिथे पोटातून घ्यायची औषधं लागतात. डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या सुरू झाल्या की क्लिंडामायसिनचं जेल थांबवायचं. गोळी आणि जेल दोन्हीकडून अँटिबायोटिक, ही चूक चिठ्ठ्यांवरही दिसते.

बारावा आठवडा. पुळ्या आटोक्यात आल्या, की अँटिबायोटिक जातं. पुढे चालू राहतं ते रात्रीचं नुसतं ॲडापलीन, लागलं तर सकाळचं बेन्झॉइल पेरॉक्साइड.

(दृश्य: आरशामागचा कप्पा. अर्धी पिळलेली जुनी ट्यूब बाहेर निघते. शेपटीच्या दुमडीवर ठसा उमटवलेली मुदतीची तारीख. महिना वाचता येतो, वर्ष घडीत गेलेलं. ट्यूब कचऱ्याच्या डब्यात.)