अझोर्स: जमीन अजून गरम आहे

(दृश्य: तलावाचा काठ, मातीतून निघणाऱ्या वाफा)

फुर्नास तलावाच्या काठावर मातीचे छोटे ढीग दिसतायत ना? प्रत्येकावर एकेका हॉटेलच्या नावाची पाटी आहे. खाली पातेली पुरलीयेत. आत मांस, सॉसेज, कोबी, गाजर, रताळी आणि चक्क अळकुड्या. पातेल्याखाली जाळ नाही. ज्वालामुखीच्या उष्णतेवर सहा-एक तास हे सगळं आपलं आपण शिजतं. दुपारी माणसं येतात, लांब आकड्यांनी पातेलं वर ओढतात. जेवणाच्या वासाआधी नाकात शिरतो तो गंधक.

हे अझोर्स. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमधली पोर्तुगालची नऊ बेटं. गोव्याहून माल भरून निघालेली जहाजं घरी पोचण्याआधी इथल्या टेर्सेरा बेटावर थांबायची. वास्को द गामाचा भाऊ पावलो भारतातून परतताना १४९९ मध्ये तिथेच वारला.

फुर्नास गावातल्या उद्यानात कोमट पाण्याचा मोठा तलाव आहे. पाणी लोहामुळे चहासारखं तपकिरी. उतरा खुशाल, पण पांढरे कपडे घालून नको. डाग जात नाहीत.

(दृश्य: काळ्या दगडांच्या भिंती, मागे शिखर)

पिको बेटावर २,३५१ मीटर उंचीचं शिखर, पोर्तुगालमधलं सर्वांत उंच. पायथ्याशी द्राक्षवेली, पण मांडव कुठेच नाही. काळ्या दगडांचे गडगे रचून केलेल्या चिमुकल्या चौकोनांत वेली जमिनीलगत पसरतात. गडगा खारा वारा अडवतो, दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. आणि माती? दगडांच्या फटीत असेल तेवढीच.

(दृश्य: फायाल बेट, राखेत उभं दीपगृह)

समोरच फायाल. सप्टेंबर १९५७ मध्ये इथल्या टेहळ्यांना किनाऱ्याजवळचा समुद्र उकळताना दिसला. हे टेहळे खरं तर देवमासे शोधायला बसलेले. पुढचे तेरा महिने कापेलिन्योसचा ज्वालामुखी धुमसत राहिला. दीपगृहाचा खालचा मजला राखेत गाडला गेला, घरं-शेतं गेली, हजारो लोक अमेरिकेला निघून गेले. समुद्रातून नवी जमीन वर आली खरी, पण लाटांनी तिचा बराच भाग परतही नेला. दीपगृह एके काळी पाण्याच्या कडेला होतं. आज त्याच्यापुढे राखेचं माळरान आहे.

देवमाशांची शिकार १९८०च्या दशकात थांबली. टेहळ्यांच्या खोपटांत मात्र आजही माणूस बसतो. दुर्बीण डोळ्याला, हाताशी वायरलेस. फरक एवढाच, की निरोप जातो तो पर्यटकांच्या बोटीला.

(दृश्य: बोट, मोकळा समुद्र)

टेहळ्या लांबून नुसत्या फवाऱ्यावरून मासा ओळखतो. स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर जात नाही, पुढे आणि डावीकडे कलतो. बोटीचं इंजिन बंद होतं. बघा... डावीकडे.

(शेपटी पाण्याबाहेर येते. निवेदन नाही.)