समुद्राला विचारायचा पहिला प्रश्न

नमस्कार, श्रोतेहो.

समुद्राच्या पाण्याने भरलेला काचेचा एक पेला डोळ्यांसमोर आणा. पाणी नितळ आहे. आत काही हलत नाही, काही दिसत नाही. जिभेवर ठेवलं तर खारट लागतं, एवढंच. पण त्यातल्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, सुमारे १० लाख जिवाणू असतात. विषाणू त्यांच्या दहापट. मी पहिल्यांदा समुद्राच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा आत डायटम होते. काचेच्या, कोरीव नक्षीच्या डब्या असाव्यात तसे दिसणारे सोनेरी-तपकिरी जीव. त्यांचं कवच खरोखरच काचेच्या जातीचं असतं, सिलिकाचं. बराच वेळ डोळा काढवेना.

समुद्राविषयी शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं मला पुष्कळ जण विचारतात. बहुतेकांना वाटतं की माशांची नावं आधी शिकावीत. देवमासा, शार्क, अष्टपाद, प्रवाळ. त्यात वाईट काही नाही, पण नावं पाठ झाली म्हणून समुद्र कळत नाही. माझं सांगणं असं, की एकच प्रश्न हाती धरा आणि तो धरून पृष्ठभागापासून तळापर्यंत उतरत जा. इथे जे कोणी राहतं, त्याचं पोट कशावर भरतं? आज आपण तेच करणार आहोत.

जमिनीवर या प्रश्नाचं उत्तर शेवटी उन्हापाशी जाऊन थांबतं. गवत उन्हावर वाढतं, हरीण गवतावर, वाघ हरणावर. समुद्रात मात्र ऊन फार खोल जात नाही. पाणी प्रकाश गिळतं, आणि सगळे रंग सारख्याच वेगाने गिळत नाही. तांबडा सगळ्यांत आधी जातो, पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच तो जवळपास संपतो. त्याच्याही खाली गेलेल्या पाणबुड्याचं बोट कापलं, तर त्याला स्वतःचं रक्त हिरवट-काळं दिसतं. निळा रंग सर्वांत दूरवर पोहोचतो. तरी अगदी स्वच्छ पाण्यातसुद्धा साधारण २०० मीटरांपुढे एखाद्या हिरव्या पेशीला अन्न बनवता येईल इतका उजेड उरत नाही. १,००० मीटरांखाली तर सूर्याचा किरणही नाही. आता हे लक्षात घ्या, की समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे आणि पृथ्वीच्या पृष्ठभागाचा ७१ टक्के भाग त्याने व्यापलेला आहे. म्हणजे आपण ज्याला समुद्र म्हणतो तो बहुतांशी काळोख आहे. आपल्या चित्रांत तो निळा असतो, कारण आपण त्याची फक्त साय पाहतो.

पण पोट भरण्याचा सगळा उद्योग त्या सायीतच सुरू होतो. तिथे राहतात प्लवक. प्लवक म्हणजे फक्त बारीक जीव, असा एक गैरसमज आहे. शब्दातच अर्थ आहे, जो तरंगत राहतो तो प्लवक. प्रवाहाविरुद्ध ज्याला पोहत जाता येत नाही, तो कितीही मोठा असला तरी प्लवकच. म्हणून हातभर रुंदीचा जेलीफिशसुद्धा प्लवकांत मोडतो. जे आपल्या बळावर हवं तिकडे जातात, मासे, कासवं, देवमासे, ते पोहणारे. आणि जे तळाला धरून असतात, शिंपले, तारामासे, प्रवाळ, ते तळवासी. शिकणाऱ्याला एवढी विभागणी बराच काळ पुरते.

प्लवकांमधले उन्हावर अन्न बनवणारे ते वनस्पतीप्लवक. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. त्याचं नाव प्रोक्लोरोकॉकस. असे शंभर जीव एकापुढे एक ठेवले, तर कुठे माणसाच्या केसाएवढी जाडी होईल. उष्ण प्रदेशांतल्या समुद्रात तो सगळीकडे आहे, अन्न बनवणाऱ्या जीवांमध्ये पृथ्वीवर संख्येने सर्वांत जास्त. आणि तरीही तो शास्त्राला माहीत झाला तो १९८८ साली! माणूस चंद्रावर जाऊन आला होता, तेव्हा हा जीव प्रत्येक बादलीत होता आणि कुणाला ठाऊक नव्हता. पेशी एकामागून एक लेसरच्या झोतातून सोडणारं, रक्तपेशी मोजायलाही वापरतात तसलं यंत्र सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोटीवर नेलं, तेव्हा तो सापडला.

पृथ्वीवर एकूण जितकं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळपास निम्मं हे समुद्रातले सूक्ष्म जीव करतात. गंमत अशी, की पृथ्वीवरच्या सगळ्या हिरव्या जीवांचं वजन केलं तर त्यात यांचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. मग इतकं काम होतं कसं? जंगलात झाड शंभर वर्षं उभं राहतं, बहुतेक सारं लाकडात साठवतं. इथे साठवणं नाहीच. पेशी दुभंगते, एक-दोन दिवसांत पुन्हा दुभंगते, आणि तितक्याच झपाट्याने खाल्ली जाते. भांडार लहान, पण उलाढाल प्रचंड.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. आपल्या दर दुसऱ्या श्वासातला प्राणवायू समुद्र देतो, असं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. प्राणवायू समुद्रात तेवढा तयार होतो हे खरं आहे. पण त्यातला बहुतेक सगळा समुद्रातले जीवच वापरून टाकतात. हा प्राणवायूचा हिशेब लक्षात ठेवा, आपण शेवटी पुन्हा त्याकडे येणार आहोत.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर माझी समुद्राकडे पाहण्याची नजरच बदलली. गर्द निळं, आरपार दिसणारं पाणी आपल्याला समृद्ध वाटतं. प्रत्यक्षात ते वाळवंट असतं. पाणी आरपार दिसतं, कारण त्यात अडवणारं काही नाही, प्लवकच विरळ. त्यांना उन्हाबरोबर खतही लागतं, नायट्रेट, फॉस्फेट, थोडं लोह. हे खत मेलेल्या जीवांबरोबर सतत खाली जात राहतं. म्हणजे ऊन वर आणि खत खाली. ही दोन जिथे भेटतात तिथे समुद्र हिरवट, गढूळ आणि जीवांनी भरलेला असतो. पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाहेर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. अँकोव्ही माशांचे तिथले थवे जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारीला पुरतात. एल निन्योच्या वर्षी वारे मंदावतात, ते पाणी वर यायचं थांबतं, आणि मासे जातात.

आता २०० मीटरांच्या खाली उतरू. इथे अन्न बनत नाही, मग खायचं काय? एक उपाय म्हणजे वर जाऊन खाऊन यायचं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला सोनार वापरत. आवाज पाण्यात सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. खोल समुद्रात, ३०० ते ५०० मीटरांवर, सोनारला जणू दुसराच एक तळ ऐकू येई. नकाशाप्रमाणे तळ तर कितीतरी खाली. आणि संध्याकाळ झाली की हा खोटा तळ वर सरकू लागे! १९४५ साली मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने हे कोडं सोडवलं. तो तळ जिवंत होता. मासे, कोळंबीसारखे जीव, माखले यांचा इतका दाट थर, की आवाज त्याच्यावर आपटून परत येत होता. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेपासून दूर अंधारात राहायचं, रात्री वर येऊन चरायचं, पहाटे परत. पृथ्वीवरचं प्राण्यांचं सर्वांत मोठं स्थलांतर वर्षातून एकदा नाही, रोज रात्री होतं.

त्याच्याही खाली, हजार मीटरांपलीकडे, वर जाऊन येणं परवडत नाही. तिथे अन्न वरून पडण्याची वाट पाहायची. मेलेले प्लवक, प्राण्यांची विष्ठा, चिकट स्रावाचे तुकडे, रिकामी कवचं, हे सगळं एकमेकांना चिकटून पांढऱ्या भुरभुरीसारखं खाली येत राहतं. शास्त्रज्ञ त्याला सागरी हिम म्हणतात. खोल पाण्यात उतरलेल्या यानाच्या दिव्यात ते खरोखर बर्फ पडावा तसं दिसतं. तळाला पोहोचायला त्याला कित्येक आठवडे लागतात आणि वाटेत बहुतेक सगळं खाल्लं जातं. उरतं त्यावर तळ जगतो. कधीतरी एखादा मेलेला देवमासा वरून येतो, आणि मग त्याच्या एका सांगाड्याभोवती दशकानुदशकं वस्ती टिकते.

असा तळ निर्जीव असेल, असं वाटणं साहजिक होतं. १८४०च्या दशकात एडवर्ड फोर्ब्ज या अभ्यासकाने तसा अंदाज मांडला, की सुमारे ५५० मीटरांखाली जीवन नाही. माणूस बेजबाबदार नव्हता. त्याने एजियन समुद्रात स्वतः जाळी ओढली होती. चूक एवढीच झाली, की तो समुद्र मुळात खोलवर गरीब आहे आणि त्यावरून त्याने सगळ्या समुद्रांचा निष्कर्ष काढला. पुढे डिसेंबर १८७२ मध्ये ब्रिटनहून चॅलेंजर नावाचं जहाज निघालं. साडेतीन वर्षं ते जगभर फिरलं. ३६२ ठिकाणी थांबून खोली मोजायची, तापमान घ्यायचं, जाळी तळापर्यंत सोडायची आणि तासन् तास ओढून वर काढायची. मार्च १८७५ मध्ये त्यांचा दोर मारियाना गर्तेत ८,१८४ मीटरांपर्यंत गेला. शास्त्राला नवे असे सुमारे ४,७०० जीव त्यांनी आणले, आणि अहवालाचे ५० खंड झाले. समुद्रविज्ञान हा विषय म्हणून उभा राहिला तो या कंटाळवाण्या, चिवट मोजमापांवर. मला त्या खलाशांविषयी फार आदर वाटतो.

तरीही आपल्या प्रश्नाचं उत्तर अजून ऊनच होतं. वर बनतं, खाली झरतं.

मग १९७७ साल आलं. गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोलीवर, समुद्रतळ जिथे फाटून नवा तयार होतो, तिथे गरम पाण्याचे झरे असावेत असा भूवैज्ञानिकांचा कयास होता. ॲल्विन या छोट्या पाणबुडीतून ते उतरले. झरे सापडले. आणि झऱ्यांभोवती पांढऱ्या शिंपल्यांचे ढीग, खेकडे, माणसाहून उंच वाढणाऱ्या नळ्यांमधून लाल तुरे बाहेर काढलेले कृमी. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण जीव भेटतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. नमुने टिकवायला पुरेसं रसायन नव्हतं, तेव्हा बोटीवरची व्होडका वापरावी लागली.

त्या नळकृमींना तोंड नाही आणि आतडंही नाही. पोट कशावर भरतं हा प्रश्न इथे विचारायचा तरी कसा? काही वर्षांनी कोलीन कॅव्हनॉ यांनी उत्तर शोधलं. कृमीच्या शरीरात अब्जावधी जिवाणू राहतात. झऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा तो विषारी वायू. जिवाणू त्यातून ऊर्जा काढतात, तिच्यावर अन्न बनवतात आणि यजमानाला पोसतात. प्रकाशाऐवजी रसायन. उन्हाशिवाय जगणारी वस्ती सापडली, असं तेव्हा सर्वत्र लिहिलं गेलं.

ते पूर्ण खरं नाही, आणि मला हाच भाग तुम्हाला सांगायचा होता. प्राणवायूशिवाय भागवणारे काही जिवाणू त्या झऱ्यांपाशी आहेत. पण नळकृमीच्या आतल्या जिवाणूंना सल्फाइड जाळायला प्राणवायू लागतो. कृमीचा तो तुरा लाल असतो, कारण त्यात हिमोग्लोबिन आहे. ते सल्फाइड आणि प्राणवायू दोन्ही वाहून नेतं. आता अडीच हजार मीटरांवर, काळोखात, प्राणवायू आला कुठून?

तो ध्रुवाकडून आला. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या जवळच्या समुद्रांत पाणी गोठणबिंदूपर्यंत थंड होतं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, म्हणून बर्फाखालचं पाणी अधिक खारं होतं. थंड आणि खारं पाणी जड. हवेतला प्राणवायू विरघळवून घेऊन ते बुडतं आणि तळातळाने जगभर पसरतं. म्हणूनच विषुववृत्तावरही तळाचं पाणी दोन-तीन अंशांवर असतं. हा प्रवास शेकडो वर्षांचा आहे. त्या लाल तुऱ्याने आज टिपलेला प्राणवायू कधीकाळी उन्हात कुठल्यातरी हिरव्या पेशीने सोडलेला असतो.

ही वाट आता बदलते आहे. आपल्यामुळे वाढलेल्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वरचा थर गरम होऊन हलका झाला की खालच्यात सहज मिसळत नाही. १९६० पासूनच्या सुमारे पन्नास वर्षांत समुद्रातला प्राणवायू साधारण दोन टक्क्यांनी घटला. आकडा लहान वाटेल, पण सगळ्या समुद्रांचा मिळून तो आहे, आणि काही ठिकाणी घट याच्या कितीतरी पट आहे.

हे मोजायला आता जहाजांची वाट पाहावी लागत नाही. आर्गो नावाचे सुमारे ४,००० तरंगते यांत्रिक नळे जगभरच्या समुद्रांत सोडलेले आहेत. प्रत्येक जण १,००० मीटरांवर प्रवाहाबरोबर वाहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरांपर्यंत बुडतो, मग तापमान आणि क्षार मोजत वर येतो, उपग्रहाला आकडे सांगतो आणि परत खाली जातो. त्यातले काही प्राणवायूही मोजतात. मिळालेले आकडे कुणालाही पाहता येतात, तुम्हालाही. आत्ता मी बोलते आहे तेव्हा त्यांतले बहुतेक खाली काळोखात असतील, आणि काही नुकतेच पृष्ठभागावर येत असतील.

नमस्कार.