रिपोर्ट चांगला, तरी गोळ्या का सुरू?

श्रोतेहो, नमस्कार. एचआयव्हीचे रुग्ण एआरटी केंद्रात, म्हणजे या विषाणूवरच्या गोळ्या मिळतात तिथे, हमखास विचारतात, "रिपोर्टमध्ये विषाणू सापडतच नाही, मग गोळ्या बंद का नाही करायच्या?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर विषाणूपेक्षा आपल्याच पेशीत सापडतं.

एचआयव्हीकडे जनुकं अवघी 9. सीडी4 या आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशीत शिरला की तो ही जनुकं पेशीच्या डीएनएमध्ये कायमची गोवून टाकतो. पण त्यांच्या आरएनए प्रती काढणारं आरएनए पॉलिमरेझ हे विकर (एन्झाइम) पेशीचं. त्याला चालना देणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिनही पेशीचंच. एखाद्या जंतूशी लढायला पेशी जागी झाली की ते केंद्रकात शिरतं आणि विषाणूच्या जनुकांआधीच्या ठरावीक जागांवर बसतं. म्हणजे आपला बचाव सुरू होतो, तेव्हाच विषाणूचंही फावतं. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकारात अशा जागा सहसा तीन असतात. अमेरिका-युरोपातल्या बी उपप्रकारात दोन.

एवढं होऊनही पॉलिमरेझ थोडं पुढे जाऊन अडतं. मग विषाणूचं टॅट नावाचं छोटंसं प्रथिन पेशीतल्या सायक्लिन टी1 आणि सीडीके9 या प्रथिनांच्या जोडीला धरून अर्धवट आरएनएपाशी आणतं. सीडीके9 पॉलिमरेझला फॉस्फेट जोडतं आणि ते सुसाट सुटतं. सायक्लिन टी1चा हा सहभाग 1998 मध्ये उघड झाला. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो उंदीर! त्याच्या सायक्लिन टी1मध्ये 261व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसीन आहे. तेवढ्या एका अमिनो आम्लापायी उंदराच्या पेशीत टॅटची डाळ शिजत नाही.

आता सुस्त पडलेली सीडी4 पेशी घ्या. एनएफ-कप्पा-बी केंद्रकाबाहेर, सायक्लिन टी1 अगदी कमी. विषाणूची जनुकं आहेत, पण त्यांच्या प्रती निघत नाहीत. त्यामुळे ही पेशी ना प्रतिकारशक्तीला ओळखू येते, ना औषधांच्या तावडीत सापडते. अशा पेशी वर्षानुवर्षं टिकतात. गोळ्या थांबवल्या आणि त्यांतल्या काही जाग्या झाल्या, की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.

मग सीडीके9च बंद पाडलं तर? तसं करता येत नाही, कारण आपली स्वतःची बहुतेक जनुकंही त्याच्यावरच विसंबून आहेत. म्हणून काही संशोधक फक्त टॅटला निकामी करणारी औषधं शोधताहेत, तर काही जण सुस्त पेशींना मुद्दाम जागं करून संपवण्याच्या खटपटीत आहेत. यातलं काहीच अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही. तेव्हा रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.